चार लाकडं, सात नावं

मी नकाशा. कागदाचा नव्हे हं, लाकडाचा. अंध मुलींच्या शाळेत तिसऱ्या खोलीत, खिडकीखालच्या लांब टेबलावर जो पसरलेला असतो, तो मी. पसरलेला असतो म्हणून आळशी समजू नका. दिवसाकाठी शंभरेक बोटं माझ्या अंगावरून फिरतात. भिंतीवर टांगलेल्या त्या रंगीत नकाशांना विचारा, वर्षात त्यांना किती जण हात लावतात. लावलाच तर ओरडा बसतो.

जन्माने मी नकाशा नाही. आधी मी दार होतो, एका डॉक्टरांच्या दवाखान्याचं. एकतीस वर्षं उघडबंद झालो. कोण लंगडत आलं, कोण हसत गेलं, कोण उगाच आठवड्यातून तीनदा येऊन बसतं आणि का, हे मला डॉक्टरांच्या आधी कळायचं. त्यामुळे आल्यागेल्याची चौकशी ही माझी जुनी खोड आहे, आणि ती जाईल असं वाटत नाही. लोक म्हणतात, दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसू नये. पण दाराने नाही लक्ष ठेवायचं तर कोणी ठेवायचं?

डॉक्टर निवृत्त झाले, दवाखाना पाडला, आणि मला एका सुताराने नेलं. आमच्या गोष्टीत त्याला सगळे मामा म्हणतात, कारण जिच्यासाठी त्याने मला घडवलं तिचा तो सख्खा मामा. चौथीत शाळा सुटलेला, बोलायला कमी, हात मात्र असा की दोन फळ्या जोडल्या तर सांधा शोधायला भिंग लागावं. मला त्याने दुकानाच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवलं आणि सात वर्षं हात लावला नाही. कोणी गिऱ्हाईक विचारायचं, "हे दार विकायचंय का?" मामा म्हणायचा, "त्याचं काम यायचंय अजून."

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मधे नुसती लाकडी भिंत. त्यामुळे घरातलं सगळं मला ऐकू यायचं, मुद्दाम कान द्यावे लागायचे नाहीत. दिले नाहीत असंही मी म्हणणार नाही.

घरात मामा, मामी आणि भाची. भाचीची सहाव्या वर्षी तापात दृष्टी गेली, आईवडील आधीच गेलेले, तेव्हापासून ती इथेच वाढली. ज्या शाळेत शिकली त्याच शाळेत मोठी होऊन शिकवायला लागली. पोरी तिला बाई म्हणतात, म्हणून मीही बाईच म्हणतो. वर्षभराच्या बोलीवर तिला भूगोल दिला होता. वर्ष संपत आलं आणि एके दिवशी ती घरी आली ती चप्पल न काढताच स्वयंपाकघरात गेली. तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

"मंगळवारी तपासनीस येणार आहेत," ती म्हणाली. "माझा पाठ बघणार. शाळेच्या समितीचं म्हणणं आहे, भूगोल हा डोळ्यांचा विषय. त्यांना पटलं नाही तर बाहेरून कोणीतरी आठवड्यातून दोनदा येईल आणि मला खुर्च्या विणायच्या वर्गावर टाकतील."

मामी म्हणाली, "खुर्च्या विणणं काही वाईट नाही गं."

"वाईट नाहीच. पण मला ते नकोय मामी. मला भूगोल हवाय."

तेवढ्यावर बोलणं संपलं. हट्टी माणसं जास्त बोलत नाहीत.

बाईला शिकवायचा होता धडा खंडांचा. आजवर त्या शाळेत खंड म्हणजे सात नावांचं पाठांतर. पोरी घडाघडा म्हणायच्या, पण आफ्रिका मोठी की टेबल मोठं असं विचारलं तर गप्प. म्हणून बाईने मामाला सांगितलं, "मला लाकडात करून दे. प्रत्येक खंड सुटा. पोरींना हातात घेता आला पाहिजे, परत जागेवर बसवता आला पाहिजे."

मामाने भिंतीकडे पाहिलं. माझ्याकडे. तो म्हणाला, "आलं याचं काम."

मग काय विचारता. माझे कडी-कोयंडे निघाले. बिजागऱ्यांची भोकं बुजवली. रंध्याखाली एकतीस वर्षांचा रंग निघाला आणि आत मी असा गोरापान असेन असं मलाही वाटलं नव्हतं. मामीने नकाशाच्या पुस्तकातून आकृती कार्बनवर उतरवून, चौकटी आखून मोठी केली. तिने एक केलं, आणि पुढचं सगळं त्यातूनच घडलं. तिने देशांच्या रेषा गाळल्या. "किती ती गिचमिड," म्हणाली, आणि फक्त किनारा उतरवला. जमीन कुठे संपते आणि पाणी कुठे लागतं, तेवढीच रेष.

मामा त्या रेषेवरून करवत चालवायला बसला. बारीक पात्याची करवत, दाते केसाएवढे. प्रत्येक आखातात शिरायची, वळायची, बाहेर यायची. मधेच हाक मारायचा.

"अगं, ही खालची झालर पण हवी आहे का?"

"झालर नाही ती, अंटार्क्टिका आहे."

"माणसं राहतात?"

"संशोधक जाऊन राहतात. बाकी पेंग्विन."

"मग पेंग्विनांसाठी तरी नीट कापतो," म्हणाला, आणि खरंच सगळ्यात सुबक कड त्याने तिचीच काढली.

दोन ठिकाणी तो अडला. आफ्रिका जिथे आशियाला चिकटते तिथे, आणि दोन अमेरिकांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर. मामी पुस्तकात बघून म्हणाली, "दोन्हीकडे कालवे आहेत म्हणे. जहाजं जातात." मामाने करवत थांबवून भाचीला विचारलं, "पाणी आहे, तर कापू का?"

बाई आतून म्हणाली, "ते माणसांनी खणलंय मामा. अंगणात विहीर खणली म्हणून अंगण दुसऱ्याचं होतं का?"

नाही कापलं त्याने. आणि तिथेच खरं तर बाईच्या लक्षात यायला हवं होतं. पण ती पाठाच्या तयारीत होती, ब्रेलच्या पानांवर बोटं आणि डोक्यात भलतंच. माझ्या लक्षात आलं होतं. मी काय करणार? दार असताना किमान करकरता तरी यायचं.

रविवारी सकाळी मी तयार झालो. खाली प्लायची गुळगुळीत पाटी, तो समुद्र. त्यावर खोबणीत बसणारी माझी लाकडं. डोंगररांगांच्या जागी सरसात भिजवलेला सुतळीचा पीळ, मोठी बेटं पाटीलाच पक्की चिकटवलेली, बारक्या बेटांच्या जागी मामीने चिकटवलेले मोहरीचे दाणे. मामाने भाचीला हाताला धरून आणलं आणि स्वतः दोन पावलं मागे उभा राहिला. मामाला कधी कोणी कौतुक केलेलं चालत नाही, पण त्या दिवशी तो वाट बघत होता, हे मी शपथेवर सांगतो.

तिने हात ठेवला. बोटं किनाऱ्यावरून चालायला लागली. चेहरा उजळला. मग एक लाकूड उचललं, खाली ठेवलं. दुसरं उचललं. तिसरं. चौथं. परत मोजलं. चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू गेला.

"मामा, बेटं सोडून बाकी कुठे आहेत?"

"बाकी काय?"

"खंड सात असतात. हे चार आहेत."

मामा पुढे आला. माझ्या सगळ्यात मोठ्या तुकड्यावर हात ठेवून म्हणाला, "तू म्हणालीस सुटे कर. जिथे जमीन संपते तिथे मी करवत घातली. हे बघ, हे एक. हे दुसरं. इथे संपतच नाही तर कापू कुठे?"

आशिया, युरोप आणि आफ्रिका मिळून एक सलग लाकूड. दोन्ही अमेरिका मिळून दुसरं. ऑस्ट्रेलिया तिसरं. अंटार्क्टिका चौथं. मोजून चार.

मामीने कपाळावर हात मारला. "अहो, सात खंड पहिलीतल्या पोरालाही येतात."

"मी पहिलीत होतो तेव्हा आला नसेल तो धडा," मामा म्हणाला. मग आवाज उतरला त्याचा. "दे इकडे. आठ मिनिटांचं काम आहे. कुठून कापू तेवढं सांग."

आणि त्याने मला शिकंज्यात धरलं. करवत माझ्या अंगावर टेकली. तुम्हाला वाटेल, लाकडाला कापायची कसली भीती. एकदा कापून झाल्यावर दुसऱ्यांदा कापणं वेगळं असतं. पहिल्यांदा आपण काहीतरी होणार असतो.

"सांग ना," मामा म्हणाला. "युरोप कुठे संपतो?"

बाईने बोट ठेवलं. उरल डोंगरांच्या सुतळीवर. तिथून खाली एका नदीकडे नेलं. पुढे काळ्या समुद्राजवळच्या डोंगरांवर. मधेच थांबलं, मागे आलं, थोडं डावीकडे गेलं. मी तिच्या बोटाखालीच होतो, मला कळत होतं. ती शोधत होती, आणि शोधण्यासारखं तिथे काही नव्हतं. दोन्ही बाजूंना मीच होतो. तेच लाकूड, तोच पोत.

"थांब," ती म्हणाली.

"थांबलोच आहे."

"मामा, तू चुकला नाहीस. तू जमीन कापलीस. मी तुला खंड मागितले होते. दोन्ही एकच आहेत असं मीसुद्धा आजवर धरून चालले होते." ती हसली, पण ते हसू काळजीचं होतं. "पोरींना मी काय शिकवणार होते? इथे फट आहे म्हणून? त्यांच्या बोटाला फट लागली की त्या आयुष्यभर समजणार, युरोप आणि आशियाच्या मधे पाणी आहे. डोळस माणूस पुढे चार नकाशे बघून दुरुस्त करतो. यांना हाच एक नकाशा मिळणार आहे."

"पण साहेब सात मागतील," मामी म्हणाली.

"मागतील."

"चार बघून नापास करतील."

"करतीलही."

मग मामी उठली आणि शिवणाच्या डब्यातून जाड दोरा आणि मेणबत्तीचा तुकडा घेऊन आली. चामड्याच्या पिशव्या शिवताना ती दोऱ्याला मेण लावायची, म्हणजे तो ताठ राहतो आणि दाबला तिथे चिकटतो. तिने हातभर दोरा मेणावर ओढला, उरलच्या सुतळीपासून खालपर्यंत माझ्या अंगावर दाबत नेला आणि भाचीचं बोट त्यावर ठेवलं.

"लागतोय?"

"लागतोय."

"काढला तर जमिनीला काही होत नाही."

बाईने दोरा काढला. परत लावला. मग म्हणाली, "अजून दोन दे." एक आशिया-आफ्रिकेच्या मानेवर, एक दोन अमेरिकांच्या पट्टीवर. चार लाकडं आणि तीन दोरे. मामाने करवत खिळ्याला टांगली, आणि मी सुटलो.

मंगळवार उजाडला. मला रिक्षातून नेलं, मामीच्या मांडीवर, चादरीत गुंडाळून. मामाही आला. एक डुगडुगतं स्टूल दुरुस्त करायच्या निमित्ताने वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात बसला. त्या स्टुलाला त्याने तासभर एकही खिळा मारला नाही.

तपासनीस साहेब म्हणजे उंच गृहस्थ, इस्त्रीचा सदरा, हातात फाइल. माणूस वाईट नव्हता. पुस्तकात जे आहे ते वर्गात असावं, एवढंच त्यांचं म्हणणं. असे लोक लागतातच, नाहीतर कोणी काहीही शिकवेल. पण त्यांनी मला पाहिलं, मोजलं आणि फाइलवर पेन टेकवलं ते मला आवडलं नाही.

बाईने दोरे बाजूला ठेवून सुरुवात केली. बारा पोरी माझ्याभोवती. "आधी नावं विसरा," ती म्हणाली. "फक्त चाला. पाय भिजवायचे नाहीत. कुठून कुठपर्यंत जाता येतं ते मला सांगा."

बोटं निघाली. एक पोरगी आफ्रिकेच्या खालच्या टोकावरून निघाली आणि आशियाच्या पार उजव्या कोपऱ्यात पोहोचली. एकीला ऑस्ट्रेलियातून बाहेरच पडता येईना. एकीने माझ्या वरच्या बाजूला चाचपून विचारलं, "बाई, इथे वर काहीच नाही का?"

"वर बर्फ आहे, पण त्याच्या खाली पाणी. आणि पार तळाला अंटार्क्टिका आहे ना, तिथेही बर्फच, पण त्याच्या खाली जमीन. म्हणून तिला मामांनी लाकूड दिलं, वरच्याला नाही."

मग दोरे आले. एकेक लावत बाई म्हणाली, "आता ही माणसांनी ठरवलेली हद्द. जमीन लाकडाची, नावं दोऱ्याची."

साहेब खाकरले. "बाई, पुस्तकात सात खंड आहेत. मला इथे चारच तुकडे दिसतात."

बाई उत्तर द्यायच्या आत एक पोरगी बोलली. तिला सगळे भोंगा म्हणतात, कारण ती कुजबुजली तरी तिसऱ्या वर्गात ऐकू जातं. "चार लाकडं आहेत साहेब. नावं सात आहेत."

"बरं," साहेब म्हणाले. "मग मला युरोप दे बघू."

भोंगा गोंधळली नाही. तिने दोन्ही हातांनी माझं ते सगळ्यात मोठं लाकूड उपसलं, आशिया, आफ्रिका, दोरे, डोंगर, सगळ्यासकट, आणि साहेबांच्या पोटाशी नेऊन धरलं. साहेबांनी घाईने दोन्ही हात पुढे केले. फाइल खाली पडली, पेन टेबलाखाली गेलं.

"एकटा येत नाही तो," भोंगा म्हणाली.

दार म्हणून एकतीस वर्षं आणि भिंतीला टेकून सात, कोणाच्या हातात असताना मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता. साहेब मला धरून उभे. ठेवावं तर कुठे ठेवावं कळेना. त्यांचा अंगठा नेमका दोऱ्यावर आला, आणि दोरा सुटून त्यांच्या बाहीला चिकटला.

"साहेब, माझ्या बोटाला हद्द लागत नाहीये," शेजारची मुलगी चाचपत म्हणाली. "कुठे गेली?"

"माझ्याकडे आहे," साहेब म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज फाइलमधला नव्हता. त्यांनी बाहीवरचा दोरा काढला, बघितला आणि बाईला विचारलं, "हा असा सरकला तर चालतं?"

"सरकलेला आहेच साहेब. पूर्वीचे लोक ही हद्द दुसऱ्या एका नदीवर धरायचे. पुढे ती डोंगरावर नेली. काही देशांत दोन्ही अमेरिका एकच खंड म्हणून शिकवतात, काही ठिकाणी युरोप-आशिया एक धरतात. कोणी पाच मोजतं, कोणी सहा. आपल्या पुस्तकात सात आहेत, म्हणून परीक्षेत यांनी सातच लिहायचे. पण हात लावला तर चार लागतात. हे दोन्ही त्यांना माहीत असावं, एवढंच माझं म्हणणं."

"मग एकाच जमिनीला दोन नावं कशाला?" साहेबांनी पोरींना विचारलं.

परत भोंगाच. "आमच्या घरी काकांची चूल वेगळी आहे. मधे भिंत नाही, नुसता पडदा. पण पलीकडे चमचा जरी घ्यायचा तरी काकूला विचारावं लागतं. विचारलं नाही तर महिनाभर ऐकावं लागतं."

साहेब हसले नाहीत, पण ओठ आत घेतले. हसू दाबायची ती पद्धत मला दवाखान्यापासून माहीत आहे. त्यांनी मला जागेवर बसवायचा प्रयत्न केला आणि उलटं धरलं. एका पोरीने मला त्यांच्या हातातून घेऊन फिरवलं आणि खोबणीत बसवलं.

तासाभराने शेरा आला. मुख्याध्यापिकांनी व्हरांड्यात वाचून दाखवला. "शिक्षिकेस विषय उत्तम येतो. वर्गास गोडी आहे. भूगोल त्यांच्याकडेच कायम ठेवावा. नकाशा सदोष आहे, सात तुकड्यांत दुरुस्त करून घ्यावा."

बाईने मामीचा हात शोधला आणि घट्ट धरून ठेवला. मामा स्टुलावर बसून होता. तो म्हणाला, "सदोष म्हणजे?"

"चुकलेला," बाई म्हणाली. "नोकरी माझी राहिली आणि चूक तुझ्या नावावर गेली मामा."

"चालेल," मामा म्हणाला. "माझ्या नावावर अजून बरीच जागा आहे." आणि मग त्याने त्या स्टुलाला खिळा मारला. एकच.

त्याला आता एकोणीस वर्षं झाली. दर वर्षी तपासणीत तोच शेरा येतो, नकाशा दुरुस्त करावा. दर वर्षी बाई लेखी उत्तर देते, योग्य सुतार मिळाला नाही. मामा तेव्हा बहुधा शेजारच्याच वर्गात बाक ठोकत असतो. भोंगा आता याच शाळेत धाकट्या वर्गांना शिकवते, आणि तिला वर्गात माइक लागत नाही. मोहरीची बेटं तीनदा नवी लावली. दोरे तर किती झाले, त्याची मोजदाद मामीकडेही नाही. लाकडं मात्र तीच आहेत, चारच्या चार. किनारे बोटांनी झिजून मऊ झालेत, आफ्रिकेचं टोक गोलसर झालंय, आणि इथून शिकून गेलेल्या कोणाही मुलीला विचारा, जमीन कुठे संपते आणि नाव कुठे संपतं, ती झोपेतही सांगेल. असं सांगणारे डोळस लोक मला तरी फार भेटले नाहीत. बढाई वाटली तर वाटू दे. कमावलेली आहे.

हे सगळं आज सांगायचं कारण वेगळंच आहे. शाळेला रंग काढताहेत. भिंती झाल्या, खिडक्या झाल्या, आणि काल रंगारी माझ्यापाशी उभा राहून म्हणाला, "हे किती मळलंय. उरलेला निळा-हिरवा मारून देतो, फुकट. चकाचक दिसेल." चांगल्या मनाचा माणूस. पण त्याच्या रंगाचा जाड थर माझ्या आखातांत बसला तर ती बुजतील, डोंगरांचे पीळ सपाट होतील, आणि मोहरीएवढी बेटं तर बोटाला सापडणारच नाहीत.

म्हणून हात जोडून सांगतो, हात नसले तरी. दादा, तो डबा तिकडे फाटकाकडे ने, फाटकाला खरंच गरज आहे. मला असाच राहू दे. मळका दिसतो म्हणतोस ना? दिसू दे. या खोलीत मला बघायला कोणी येत नाही.